श्रावणबाळाच्या कावडीत सरकारचा खांदा कुठे?

शाहूवाडी तालुक्याच्या नावातच शाहू आहे. ज्या राजाने २६ जुलै १९०२ रोजी आपल्या संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या समाजासाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, त्या राजाच्या कोल्हापुरातला हा डोंगराळ तालुका. मलकापूर आणि बांबवडे ही बाजाराची गावे सोडली, तर आंबा, विशाळगड, अणुस्कुरा, उदगिरी अशी सगळी घाटमाथ्याची आणि जंगलकडेची वस्ती. वाड्या विखुरलेल्या, धनगरवाडे त्याहून विखुरलेले. पाऊस दांडगा आणि जमीन तुकड्यांची. बौद्ध वस्तीत तर तुकडाही अनेकांकडे नाही. कामाच्या वयाची पोरे मुंबई-पुण्याची वाट धरतात. मागे राहतात ते म्हातारे, विधवा आणि अपंग. या माणसांना स्वतःच्या घरात राहून जगता यावे म्हणून शासन काय देते, कसे देते आणि काय समजून देते, याचा हिशेब आज आम्हाला मांडायचा आहे.

आधी रक्कम पाहू. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. ६५ वर्षांवरील वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. अनेक वर्षे महिना ६०० रुपयांवर अडकलेले हे अनुदान २०१९ साली १००० झाले, २०२३ साली १५०० झाले आणि दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २५०० झाले. ही वाढ कोणी आनंदाने वाटलेली नाही. तहसील कचेऱ्यांवरचे मोर्चे, धरणी, उपोषणे यांतून ती निघाली. तरीही हिशेब केला तर वृद्धाच्या वाट्याला दिवसाला ५० रुपये येतात आणि अपंगाच्या वाट्याला ८३.

यात दिल्लीचा वाटा किती? केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला, तेव्हा वृद्धाला महिना ७५ रुपये ठरवले. २००६ साली त्याचे २०० केले. त्यानंतर आजतागायत साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धामागे केंद्राचे २०० रुपयेच आहेत! ऐंशी ओलांडली तर ५००. ज्याचे अपंगत्व ८० टक्के किंवा अधिक आहे, त्याच्यामागे ३००. दोनशे रुपये म्हणजे दिवसाला पावणेसात रुपयेसुद्धा नाहीत. या वीस वर्षांत खासदारांचे वेतन किती वेळा वाढले, नोकरदारांचा महागाई भत्ता किती वेळा वाढला, हे वाचकांनीच आठवून पाहावे. महागाई सरकारी कचेरीत शिरते आणि धनगरवाड्यावर, बौद्ध वस्तीत मात्र पाऊल टाकत नाही, असे दिल्लीच्या अर्थतज्ज्ञांना वाटते की काय?

रकमेपेक्षाही मोठा अन्याय दारावर उभा आहे. त्याचे नाव उत्पन्नाची अट. या अनुदानासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असावे लागते. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५० हजार आहे. २१ हजार म्हणजे महिन्याला १७५० रुपये. पाच माणसांचे घर धरले तर माणशी दिवसाला बारा रुपयेही येत नाहीत. एवढ्यात जिवंत राहणारे कुटुंब शासनाने आम्हाला दाखवावे. २०२५-२६ सालासाठी केंद्रानेच महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरवला होता. म्हणजे घरातल्या एका माणसाने सरकारच्याच कामावर सत्तर दिवस माती उचलली, तर २१,८४० रुपये होतात आणि घरातली म्हातारी अपात्र ठरते. एका हाताने काम द्यायचे, दुसऱ्या हाताने पेन्शन काढून घ्यायची, असा हा कारभार. म्हणून गावोगाव खोट्या दाखल्यांचा बाजार मांडला जातो. गरिबाला खोटे बोलायला लावणारा नियम आधी खोटा असतो, हे लक्षात घ्या.

मर्यादा वाढवायला पैसा नाही, असे कोणी सांगू नये. २०२४ साली निवडणुकीच्या तोंडावर 'लाडकी बहीण' आली. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. आमच्या आयाबहिणींच्या हाती १५०० रुपये आले याचे आम्हाला दुःख नाही, उलट समाधान आहे. प्रश्न वेगळा आहे. ही योजना २१ ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी आहे. म्हणजे लाख-दीड लाख उत्पन्नाच्या घरातल्या बाईला चौसष्टाव्या वर्षी पैसे मिळतात आणि पासष्ट पूर्ण झाली की ती यादीतून बाहेर पडते. मग तिने श्रावणबाळच्या दारात उभे राहायचे. तिथे मर्यादा २१ हजार! हातपाय चालत होते तोवर ती लाडकी होती, हातपाय थकले तशी नावडती झाली. मतपेटीच्या हिशेबाने योजना आखल्या की असेच होते.

आता या योजनांच्या नावांकडे पाहू, कारण नावात हेतू दडलेला असतो. निराधार म्हणजे ज्याला आधार नाही तो. पण ज्याला मुलगा आहे, सून आहे, नातवंडे आहेत आणि ज्याच्या घरात दोन वेळची चूल पेटताना मारामार आहे, त्याने स्वतःला काय म्हणावे? मदत मिळवायची तर आपले कोणी नाही हे कागदावर सिद्ध करायचे. ज्या कुटुंबाने म्हाताऱ्याला टाकून दिले नाही, उपाशीपोटी का होईना घरात ठेवले, त्या कुटुंबाच्या माणुसकीचीच शिक्षा त्याला होते. आधार देणाऱ्याला बळ देणे हे कल्याणकारी राज्याचे काम. आमचे राज्य आधार तुटण्याची वाट पाहते.

दुसरे नाव श्रावणबाळ. आंधळ्या आईबापांना कावडीत घालून वाहणाऱ्या मुलाची ही पुराणकथा. पेन्शनला हे नाव देण्यामागची मानसिकता अशी की, म्हाताऱ्यांना वाहणे हा मुलाचा धर्म आणि शासन देते ती केवळ दया. पण त्या कथेचा शेवट नाव ठेवणाऱ्यांनी आठवला नसावा. आईबापांसाठी पाणी आणायला गेलेला श्रावण ज्या बाणाने मरतो, तो बाण राजाचा असतो. सांभाळणारा मुलगा राज्यकर्त्याच्या चुकीने जातो आणि म्हातारे वाऱ्यावर पडतात. आजही वेगळे काय घडते आहे?

मुलाच्या धर्माची आठवण करून देणारा कायदाही आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण कायदा, २००७. त्यानुसार आईबापांना न सांभाळणाऱ्या मुलाकडून प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरण महिना १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देववू शकते. कायदा चांगला आहे, नालायक मुलांना त्याचा धाक असलाच पाहिजे. पण म्हाताऱ्या माणसाला जगायला महिना १० हजार लागू शकतात, हे संसदेला २००७ सालीच ठाऊक होते. मुलाकडून १० हजारांची अपेक्षा करणारे राज्य स्वतः १५०० वर हात का झटकते? आणि मुलगाच मुंबईत पदपथावर झोपून हमाली करत असेल, तर कायदा कोणाच्या खिशात हात घालणार?

या सगळ्या हिशेबात एक माणूस कुठेच दिसत नाही. तो म्हणजे सांभाळणारा. बहुतेक घरांत ती बाई असते. सून, बायको, आई, नाहीतर शाळा सुटलेली मुलगी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठवणे, धुणे-पुसणे, भरवणे, कुशीवर वळवणे, रात्री जागणे, हे सगळे ती करते. त्यासाठी ती भांगलणीला जात नाही, लावणीला जात नाही. महिन्यातले दहा दिवस जरी तिची मजुरी बुडाली तरी रोजगार हमीच्या दराने ३१२० रुपये गेले. अपंगाला मिळणाऱ्या २५०० पेक्षा हा तोटा मोठा आहे. म्हणजे अनुदान घेऊनही ते घर दरमहा खड्ड्यात जाते. ज्याच्याकडे शेती आहे, नोकरी आहे, तो बाई ठेवू शकतो. आमच्या भूमिहीन घरातली बाई स्वतःची मजुरी जाळून शासनाचे काम फुकटात करते. पिढ्यानपिढ्या ज्यांच्याकडून वेठबिगार करून घेतली, त्यांच्याच घरात ही नवी वेठ चालू आहे आणि तिला प्रेम, कर्तव्य, संस्कार अशी गोंडस नावे दिली आहेत.

यावर कायदा गप्प नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये दोन गोष्टी स्वच्छ लिहिल्या आहेत. पहिली, सामाजिक सुरक्षेच्या समान योजनांत इतरांना जे मिळते त्यापेक्षा दिव्यांगांना किमान २५ टक्के अधिक मिळाले पाहिजे. दुसरी, ज्यांना अधिक आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी सांभाळणाऱ्याचा भत्ता. पहिल्या गोष्टीचे काय झाले? वृद्धालाही १००० आणि अपंगालाही १०००, मग दोघांनाही १५००, असा कारभार ऑक्टोबर २०२५ पर्यंत चालला. कायदा लागू झाल्यानंतर आठ वर्षांहून अधिक काळ! त्या आठ वर्षांतल्या फरकाचे पैसे कोण देणार, हे विचारायची कोणाला आठवणही नाही. दुसऱ्या गोष्टीचे, म्हणजे सांभाळणाऱ्याच्या भत्त्याचे, संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनांत नावही नाही. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये देशातला पहिला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला म्हणून पाठ थोपटून घेतली. अपंगाचे दिव्यांग झाले, कक्षाचा विभाग झाला, पाट्या बदलल्या. अंथरुणावरच्या माणसाला कुशीवर वळवणारे हात मात्र तसेच रिकामे राहिले.

हे परवडत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आंध्र प्रदेशकडे पाहावे. तिथे २०२४ पासून वृद्ध आणि विधवांना महिना ४ हजार, अपंगांना ६ हजार आणि पूर्णपणे अंथरुणाला खिळलेल्यांना १५ हजार रुपये जाहीर झाले आणि सरकारी कर्मचारी ते घरी नेऊन देऊ लागले. केरळने २०१० साली 'आश्वासकिरणम' नावाने सांभाळणाऱ्यासाठी दरमहा स्वतंत्र मदत सुरू केली. रक्कम तोकडी आहे, ती वेळेवर मिळत नाही अशा तक्रारीही आहेत, पण सांभाळणे हे काम आहे एवढे तरी त्या राज्याने मान्य केले. इंग्लंडात घरी राहणाऱ्या, दुसऱ्याच्या मदतीवाचून न चालणाऱ्या माणसासाठी १९७१ पासून भत्ता आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. सांभाळणाऱ्याचा भत्ता तिथे १९७६ साली आला. विवाहित स्त्रीला मात्र तो १९८६ पर्यंत नाकारला गेला, कारण घरातली सेवा हे तिचे कर्तव्यच, असे तिथल्या शासनालाही वाटत होते. एका बाईने युरोपीय न्यायालयापर्यंत लढून ते मोडून काढले. मनू काही एकाच देशात जन्मत नाही. पण तो कायद्याने हरवता येतो, हा त्यातला धडा आहे.

आता पुन्हा शाहूवाडीत येऊ. मुंबईतल्या मंत्रालयात निर्णय झाला तरी तो विशाळगडाच्या पायथ्यापर्यंत पोचताना किती दारांवर थांबतो ते पाहा. वयाचा पुरावा, रहिवासाचा दाखला, तलाठ्याचा अहवाल, उत्पन्नाचा दाखला, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, आधार, बँक खाते. अपंगत्वाच्या तपासणीसाठी कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाची, म्हणजे सीपीआरची, वाट धरावी लागली, तर विशाळगड भागापासून ते पंचाहत्तर किलोमीटरच्या घरात. ज्याला उठून बसता येत नाही, त्याला आपण उठू शकत नाही हे सिद्ध करण्यासाठी गाडी करून न्यायचे! गाडीभाडे आणि बरोबरच्या माणसाची बुडालेली मजुरी धरली तर पहिल्या महिन्याचे अनुदान मिळण्याआधीच संपते. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला. रक्कम आता आधार जोडलेल्या खात्यावर थेट जमा होते. मधले हात कमी झाले हे चांगलेच, पण आयुष्यभर खुरपे धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हातारीचा अंगठा यंत्राला ओळखता येत नाही. यंत्राच्या लेखी ती मेलेली असते.

त्यात तालुक्याची संजय गांधी निराधार योजना समिती. तिच्यावरचे अशासकीय सदस्य पालकमंत्र्यांच्या शिफारशीने नेमले जातात. सरकार बदलले की समिती बदलते. समिती नसली की अर्ज तुंबतात आणि समिती आली की मंजुरीची पत्रे जाहीर कार्यक्रमात, हार-तुऱ्यांत वाटली जातात. घटनेने दिलेली मदत पुढाऱ्याच्या हातून घेताना म्हातारा वाकतो आणि त्याचे ते वाकणे फलकावर छापले जाते. कोणत्या वस्तीतले अर्ज आधी निघतात आणि कोणत्या वस्तीतले 'त्रुटी'च्या ढिगात जातात, हे पाहायला कोणी संशोधक लागत नाही.

पैशाचा प्रश्न मात्र सोडून चालणार नाही. २०२५ च्या मे महिन्यात लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळवल्याचे उघड झाले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. मंत्रीच नाराज असेल तर वस्तीने काय करावे? अनुसूचित जातीच्या नावाने मांडलेला पैसा सर्वांसाठीच्या योजनेत ओतायचा आणि आमच्या अपंगाला निधी आला नाही म्हणून परत पाठवायचे, ही चोरी आहे. तिला 'तरतूद' असे नाव दिल्याने ती सावकारी होत नाही, चोरीच राहते. असा निधी पळवता येऊ नये म्हणून आंध्र आणि कर्नाटकाने २०१३ साली कायदे केले. कायद्यातही पळवाटा काढल्या जातात, पण जाब विचारायला हाती कलम तरी राहते. आमच्या हाती मंत्र्याची नाराजी तेवढी आहे.

बाबासाहेबांनी ही मदत भीक म्हणून कधीच पाहिली नव्हती. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या १९४७ सालच्या मसुद्यात त्यांनी विमा हा राज्याच्या मालकीचा करून प्रत्येक प्रौढ नागरिकाला कमाईच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा करावा, अशी मांडणी केली होती. संकट आल्यावर दयाळू माणूस शोधत फिरण्याची पाळी कोणावर येऊ नये, हा त्याचा अर्थ. घटनेच्या ४१ व्या कलमात बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व या प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळवून देण्याचे निर्देश राज्याला आहेत. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही, असे सांगून आमची तोंडे बंद केली जातात. पण ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे. ही तत्त्वे मोडणाऱ्याला न्यायालयात नाही, तरी निवडणुकीत मतदारांपुढे उत्तर द्यावेच लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. म्हणजे खटला आपल्याकडे सोपवलेला आहे. आपण तो चालवला का?

चळवळीला आमचे सांगणे आहे. पुतळा, नामांतर, स्मारक यांसाठी रस्त्यावर उतरलेला समाज आपल्याच वस्तीतल्या अंथरुणावरच्या माणसासाठी तहसील कचेरीवर किती वेळा गेला? मागण्या स्पष्ट आहेत. २१ हजारांची अट रद्द करून किमान लाडकी बहिणीइतकी अडीच लाखांची मर्यादा करा. अनुदान महागाईशी जोडा, म्हणजे दर पाच वर्षांनी उपोषणाला बसावे लागणार नाही. केंद्राने आपले २०० रुपये दिल्याचे सांगण्याआधी ते वाढवावेत. कलम २४ प्रमाणे सांभाळणाऱ्याचा भत्ता सुरू करा आणि तो तिच्या स्वतःच्या खात्यावर टाका. अंथरुणावरच्या माणसाची तपासणी आणि हयातीची नोंद घरी येऊन करा. अनुसूचित जाती-जमातींच्या निधीला कायद्याचे कुलूप लावा.

हे होईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. एखाद्या वाडीच्या ग्रामपंचायतीची वसुली दोन लाख असेल तर तो दहा हजारच भरतो, हे खरे. पण ते दहा हजार कुठे गेले, हे ग्रामसभेत उठून विचारता येते. नामंजूर झालेल्या अर्जांची यादी आणि कारणे २००५ च्या माहिती अधिकारात मागता येतात. दाखला वेळेत दिला नाही तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येते. प्रत्येक वस्तीतल्या शिकलेल्या दोन पोरांनी आपल्या वस्तीतले वृद्ध, विधवा, अपंग यांची नावे वहीत लिहावीत. कोणाला काय मिळते, कोणाचे कधी बंद झाले आणि कोणाला कोण सांभाळते, हे त्यात असावे. शासनाच्या यादीत नसलेली माणसे आधी आपल्या वहीत आली पाहिजेत. त्या वह्या घेऊन शाहूवाडीच्या तहसीलवर जेव्हा आंबा, मलकापूर, बांबवडे आणि उदगिरीकडची माणसे एकत्र येतील, तेव्हा बौद्ध वस्ती आणि धनगरवाडा यांच्यातले अंतरही त्या दिवसापुरते तरी मिटेल.

कावड आजवर आमच्या बायाबापड्यांनी एकट्यांनी वाहिली. तिचे दुसरे टोक राज्याच्या खांद्यावर द्या, एवढेच आमचे म्हणणे आहे. ते द्यायला घटनेने सांगितले आहे, आम्ही फक्त आठवण करून देतो आहोत. आणि आठवण करून देऊनही जे विसरतील, त्यांचे नाव मतदानाच्या दिवशी आपण विसरता कामा नये.